माळ्यावरचं लाकूड

ता. ९ फेब्रु. ५७
दांडेलीहून आज पोचलो. दोन दिवस अंगावरची धूळ जाणार नाही. बाबांचं कार्ड आलं होतं, चारच शब्द. ताबडतोब ये, काम आहे.
काम कळलं. दिवाळीपासून बाबांच्या उजव्या हाताला मुंग्या येतात, रंधा धरवत नाही. पुढच्या रविवारी हत्यारं पुजून त्यांच्यासमोर लाकडाच्या माळ्याची किल्ली द्यायची आहे, आम्हा दोघा भावांतल्या एकाला. आजोबांनी बाबांना अशीच दिली. किल्ली ज्याची, कारखाना त्याचा.
दादालाच मिळणार. गिरणीच्या मागांवर आडवा धागा घेऊन धावणारे लाकडी धोटे तोच करतो. मी चौथीत शाळा सोडली नि इथंही टिकलो नाही, दांडेलीला जंगलातलं लाकूड बघायच्या कामाला गेलो. आता ते गाव म्हैसूर राज्यात गेलंय. मला तिकडंच बरं.

ता. ११
शंकरमामा आला. मामा म्हणजे शेजारचा, कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवतो. मला बघून, "कधी इलंस रे झिला? वाळलंस मरे." मग पिशवीतून धोटा काढून पाटावर ठेवला. आपल्याच कारखान्यातला. उभी चीर गेलेली.
बाबांनी डाव्या अंगठ्यानं चीर चाचपली, वास घेतला. म्हणाले, "ओलं लाकूड."
दादाचा चेहरा उतरला. "मी पुढचंच काढलं, बाबा."
"मग ओलं काय चालत पुढं आलं?"
मी पाणी प्यायला उठलो.

ता. ११, परत
लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.
टेंभुर्णीचं लाकूड आठ वर्षं माळ्यावर वाळतं, मग त्याचा धोटा होतो. दर खंडेनवमीला नवीन ठोकळे मागं रचायचे, जुने पुढं ओढायचे. कापायचं ते पुढचं. आजोबांना अक्षर येत नव्हतं, म्हणून लाकडावर वर्ष लिहीत नाहीत. जागा सांगते.
यंदा बाबांचं अंग दुखत होतं, दादा वहिनीच्या बाळंतपणाला सासरी. मी एकटाच वर. संध्याकाळी मैदानावर सभा, दुसऱ्या दिवशी दांडेलीची गाडी. सगळं ओढायचं म्हणजे दिवस गेला असता. नवीन ठोकळे पुढंच लावले, वर गोणपाट टाकलं. परत आलो की सारखं करीन, म्हटलं.
दादाला पत्र टाकायचं होतं. टाकलं नाही.

ता. १२
त्या लाकडाचे धोटे दोन डझन गिरणीत गेलेत. एक परत आला. तेवीस आत आहेत.
मामाला सहज विचारल्यासारखं विचारलं, चालता चालता धोटा फुटला तर? म्हणाला, "बंदुकीच्या गोळयेसारखो जाता. आमच्या खात्यात एकाचो डोळो गेलो. तो म्हणता, बरां झाला, बायको अर्धीच दिसता." हसला. मला हसू येईना.
म्हटलं, ते धोटे लावू नका मामा. "जॉबर, म्हणजे मुकादम, देता ता लावूचा. मी काय गिरणीचो मालक?"
दुपारी बाबांनी एकट्याला बोलावलं. "किल्ली तुला देणार. वसंताचा हात चांगला, पण त्यानं घाई केली. तू लाकडातला आहेस."
तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलं, नि आईनं चहा आणला. चहा प्यालो.

ता. १४
दादा दिवसभर पटाशीला धार लावत बसतो. आज आपणहून म्हणाला, "हातात घेतलं तेव्हा जड लागलं होतं रे. पण पुढं होतं. आजोबांच्या शिस्तीवर कसली शंका घ्यायची?" थोड्या वेळानं, "तू किल्ली घे. मला राग नाही."
राग असता तर बरं.
गिरणीचा भोंगा झाला तसा उठलो. पाळी सुटेपर्यंत गेटसमोर उभा राहिलो. मामा दोन्ही डोळ्यांनी बाहेर आला. मी घरी आलो.

ता. १५
आणखी एक फुटला. बाजूच्या साच्यावर. भिंतीला लागला, माणूस विडी ओढायला गेला होता म्हणून वाचला. मामा आज हसला नाही.
बावीस.
दांडेलीला पळावं वाटतं. पिशवी भरली. पुन्हा रिकामी केली.

ता. १७, रविवार
हत्यारं मांडली. वाकस, रंधा, पटाश्या. हळदकुंकू, फुलं. मामाला मुद्दाम बोलावलेलं. बाबांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.
किल्ली पाटावर ठेवली. सगळं सांगितलं. सभा, गाडी, गोणपाट. दादाकडं बघवलं नाही.
बाबा रागावतील वाटलं होतं. म्हणाले, "पुढं लावायला जागा कशी केलीस?"
म्हटलं, पुढचे दोन थर उचलून मागं कोंबले.
"कुठं?"
आठवेना.
शिडीवरून तिघं वर गेलो. बाबा एका हातानं चढले. एकेक ठोकळा उचलून बघितला. सगळ्यांवर सारखीच धूळ, कापलेल्या टोकांना तेच मेण. बाबा म्हणाले, "आजोबांनी रचलेला शेवटचा थर होता. तुमच्या पोरांच्या नावानं एक खेप ठेवणार होतो. आता दाखव, त्यातलं कुठलं?"
दादा एक ठोकळा कानाशी नेऊन बोटानं वाजवत होता. मग दुसरा. मग थांबला. त्यालाही कळत नव्हतं.
खाली आलो. मामा अजून बसलेला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "उद्या सातच्या आत धोटे परत घेवक गेटार येवा. जॉबराक मी थांबवतंय. तो थांबलो तर."
दादा म्हणाला, "मी येतो." मला म्हणाला की मामाला, कळलं नाही.
किल्ली पाटावरच आहे. आईनं फुलं काढली, पाट पुसला, किल्ली उचलून परत तिथंच ठेवली.
बावीस धोटे आत.