बर्लिन राहिलं

शनिवार, संध्याकाळ. भांडुप.

आम्हा तिघांच्या सहलीसाठी पॅरिस की बर्लिन, महिनाभर माझ्या मनात घोळ चालला होता. शेवटी काल मीच पॅरिसची तिकिटं काढली. आता बदलता येत नाहीत.

आणि आज चहा पिताना आई म्हणाली, "ह्यांना बर्लिन बघायचं होतं गं."

पप्पांनी विक्रोळीच्या कारखान्यात ज्या लेथ मशीनवर उभा जन्म काढला, ते बर्लिनहून आलेलं. त्यावर कोरलेलं 'बर्लिन' हे नाव पप्पा रोज फडक्याने पुसायचे म्हणे.

"पप्पा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुला पॅरिस आवडतं ना? मग झालं."

पण मी विचारलं तरी कुठे? रोज पुसायचे... मला माहीतच नव्हतं.

आता आत ते मोबाईलवर बघून आईला फ्रेंचमध्ये 'थँक यू' म्हणायला शिकवताहेत. हसताहेत दोघं. मला आत जाववत नाहीये.