तिरकं हेड

ता. ४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत. नवा डबल डेक घेतला. दोन कप्पे आहेत, एकात कॅसेट वाजवायची, दुसऱ्यात भरून घ्यायची. तुझी भावजय दिवसभर फडकं घेऊन त्याच्याभोवती असते. मला फक्त बटणं दाबायची परवानगी आहे.

पण आल्या आल्या त्याने निराशा केली. बाबा आपल्याला रोज गोष्टी सांगायचे आणि टेप करून ठेवायचे, त्या कॅसेटांचं खोकं त्यांनी गेल्या खेपेला माझ्या हवाली केलं होतं. मी हौसेने एकेक लावली. बाबांचा आवाज रजईत तोंड खुपसून बोलल्यासारखा येतो, शब्द कळत नाहीत. बाकीच्या, विकतच्या कॅसेटा मात्र खणखणीत वाजतात. दुकानदार म्हणाला, फिती जुन्या झाल्या, आशा सोडा.

ताई, मला त्या कॅसेटा माझ्या ठमीसाठी हव्या होत्या. घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला तेव्हा ती जन्मलीही नव्हती. ते पाटीवर लिहून बोलतात आणि तिला अजून वाचता येत नाही. तिकडे आलो होतो तेव्हा ती सगळा वेळ त्यांच्याकडे पाठ करून बसली. त्यांच्या गळ्यातल्या रुमालाला घाबरते. बाबांनी ते पाहिलं आणि उठून दुसऱ्या खोलीत गेले. मला वाटलं होतं, आपले आजोबा कसे बोलायचे एवढं तरी पोरीला कळेल. आता तेही राहिलं.

बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. लोभ असावा, आणि उत्तराला आळस करू नये.

तुझा,
धाकटा


ता. ११ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू सांगू नकोस म्हणालास आणि मी सांगितलं. रागाव खुशाल.

आधी चांगली बातमी. फिती उत्तम आहेत. एक कॅसेट इथे माझ्याकडे राहून गेली होती, ती आपल्या जुन्या टेपवर लावली. बाबांचा आवाज लख्ख आला. मग टेप फीत चावायला लागली, तेव्हा घाईघाईने काढली. त्या टेपमध्ये आता राम उरलेला नाही.

तुला ठाऊकच आहे, ऑपरेशननंतर बाबा आपला आवाज ऐकत नाहीत. मी कॅसेट लावली की चपला घालून बाहेर पडतात. या वेळीही पडले. म्हणून परत आल्यावर मी तुझं पत्रच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, पाटी घेतली आणि लिहीत गेले, पुसत गेले. आईच्या मैत्रिणीने तिच्या घरी भरलेली गाण्यांची कॅसेट दिली होती बघ. आपल्या टेपवर ती अशीच दबलेली वाजायची. बाबांनी झाकण उघडून, फीत ज्याला घासून वाजते त्या हेडजवळचा स्क्रू पिळत पिळत ती नीट ऐकू येईल असं केलं. आई खूश झाली, कॅसेट परत गेली, पण स्क्रू तसाच राहिला. खरं तर त्या बाईंच्याच टेपचं हेड तिरकं होतं, आणि बाबांनी आपलंही तिच्यासारखं करून ठेवलं. पुढे आपण जे जे भरलं ते सगळं तिरकं, आणि आपल्याच टेपवर ते सरळ वाजायचं. तुझा डेक नको तितका शिस्तीचा आहे, एवढाच त्याचा दोष.

मी म्हटलं, धाकटा फिरवील स्क्रू. बाबांनी लिहिलं की हे काम कानाने करायचं, आणि तो आवाज मुळात कसा होता ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. म्हणून ते स्वतः येताहेत. ज्या आवाजाचा त्यांना विषय नको असायचा, तोच कान देऊन ऐकायला निघालेत. मला त्यांचा फार अभिमान वाटला. मला तोंडावर सांगता आलं नाही, तू सांग.

भावजयीला सांभाळ, तिचा डेक उघडला जाणार आहे. माया आहेच.

तुझी,
ताई


ता. २३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा पोचले आणि चहा घ्यायच्या आत त्यांनी पेचकस मागितला. तुझ्या भावजयीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. बाबांनी तिचंच नेलपॉलिश मागून घेतलं आणि स्क्रूवर खूण केली, पुन्हा पहिल्या जागी आणता यावा म्हणून. मग कॅसेट लावली आणि डाव्या कप्प्यातला स्क्रू केसभर, केसभर फिरवू लागले. 'स' आणि 'श' कुठे धारदार येतात तिकडे त्यांचं लक्ष. हळूहळू बाबा रजईतून बाहेर आले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. पण त्यांचं समाधान होईना. चांगला लागलेला आवाज पुन्हा बिघडवायचे, पुन्हा शोधायचे. आपल्याच गेलेल्या आवाजात असे चुका काढत बसलेले बाबा पाहून मी थक्क झालो. ताई, एवढी छाती आपल्या दोघांत मिळून नाही.

आता डाव्या कप्प्यात फक्त बाबा वाजतात. गाणी दबकी येतात, ती तुझी भावजय उजव्यात लावते. डावीकडून उजवीकडे भरून घेतलं की नवी कॅसेट सरळ होते, कुठल्याही टेपवर चालते. तुला एक पाठवतोय. फक्त आपल्या जुन्या टेपवर लावू नकोस, तिथे ती नेमकी दबलेली वाजेल.

ठमी पहिल्या दिवशी दाराआडून ऐकत होती. आत कोण आहे, असं तिने विचारलं. मी आजोबा म्हटलं, तर म्हणाली की आजोबा बोलत नाहीत. तेव्हा बाबा डेकशेजारी तिच्याकडे तोंड करून बसले आणि आवाजाबरोबर ओठ हलवू लागले. सगळ्या गोष्टी त्यांना अजून तोंडपाठ आहेत. मग रोज तेच सुरू झालं. ती रोज थोडी पुढे सरकत गेली.

आज दुपारी ऐन गोष्टीत वीज गेली. डेक बंद पडला. बाबांचे ओठ मात्र चालूच राहिले. ठमी टक लावून बघत होती. थोड्या वेळाने ती आईला ओरडून सांगू लागली, की अस्वल विहिरीत वाकून बघतंय, आता त्याची टोपी पडली. एकही शब्द चुकला नाही. मग तिने बाबांना काहीतरी विचारलं, त्यांनी ओठांनीच उत्तर दिलं, आणि ती खुदकन हसली. तेवढ्यात वीज आली आणि डेक आपोआप बोलू लागला. ठमी उठली, तिने तो बंद केला आणि पुन्हा बाबांसमोर येऊन बसली.

बाबा इतक्यात परत येणार नाहीत. त्यांचे सदरे पाठव. लोभ आहेच, तो असाच पोस्टात टाकत राहावा.

तुझा,
धाकटा