‘कॉल ऑफ’ केलेलं वर्षश्राद्ध

नाशिक, गंगापूर रोड

तीर्थस्वरूप कारभारीदादांच्या सेवेशी, नाशिकच्या दाजींचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा कांदा आणि वहिनींचा गुडघा, दोन्ही बरे असतील असं धरून चालतो. (रोप टाकून झालं असेल. मागच्या खेपेला दिलेलं तेल वहिनी गुडघ्याला लावत नाहीत, हे मला माहीत आहे. सरितालाही माहीत होतं.) माझी तब्येत ठीक आहे. सकाळी फिरतो, स्वतःपुरती भाजी करतो, मीठ कधी कधी दोनदा पडतं. फोन न करता पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर मी तिसऱ्या वाक्याला थांबतो आणि तुम्ही ‘बरं, हिला देतो’ म्हणून फोन वहिनींकडे देता. या वेळी मला तिसऱ्या वाक्याच्या पुढे जायचं आहे.

तुमची बहीण गेल्यापासून स्कॉटलंडचा फोन माझ्याकडे आला. रविराज कामावरून उशिरा येतो, त्यामुळे बोलणं बहुतेक सूनबाईंशीच. त्यांचं नाव मॉयरा. सरिताने पहिल्याच दिवशी त्याचं मीरा करून टाकलं आणि तेच घरात रुळलं. सरिताला इंग्रजी येत नव्हतं, मीराला मराठी येत नव्हतं, तरी दोघी व्हिडिओवर तासतासभर बोलायच्या. ही मटार सोलत मराठीत, ती आमच्या नातीची, इराची, वेणी घालत इंग्रजीत. मी शेजारी पेपर वाचत बसायचो आणि मला वाटायचं, यांना एकमेकींचं काही कळत नाही म्हणूनच इतकं जमतं. ते खरं नव्हतं, हे मला आता कळलं. त्याकडे येतोच.

माझं इंग्रजी पाटबंधारे खात्यातलं. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ आणि ‘आदेशार्थ सादर’ या दोन काठांमध्ये ते आयुष्यभर वाहिलं. तेरावं झाल्यावर मीराचा मेसेज आला, हाउ आर यू होल्डिंग अप, बाबा. आमच्याकडे होल्ड अप म्हणजे काम अडवून ठेवणं. त्यावर खुलासा मागवतात. मी त्याच दिवशी कळवलं की माझ्या बाजूने काहीही होल्ड अप नाही, मृत्यूचा दाखला वेळेत मिळाला असून सर्व कागद पुढे पाठवले आहेत. तिने उत्तरात नुसता एक लाल बदाम पाठवला. रविराजने नंतर सांगितलं की ती विचारत होती, कसे सावरताय. मला वाईट वाटलं. कुणीतरी सातासमुद्रापलीकडून आपली विचारपूस करावी आणि आपण जावक क्रमांकासारखं उत्तर द्यावं, हे बरं नाही. म्हणून कॉलेज रोडला पल्लवी मॅडमच्या क्लासात नाव घातलं. (तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही म्हणाला असता, ‘दाजी, आता या वयात इंग्रजी शिकून कोनाला दाखवनार?’)

दादा, तिथे मी जे पाहिलं त्याने थक्क झालो. इंग्रज माणूस नवे शब्द बनवायचा कंटाळा करतो. त्याच्याकडे मूठभर क्रियापदं आहेत, आणि अप, डाउन, इन, आउट, ऑफ अशी पाचदहा चिल्लीपिल्ली. हीच पोरं तो आलटून पालटून कुणाच्याही मागे बांधतो आणि अख्खा संसार चालवतो. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक फॉर म्हणजे शोधणं, लुक डाउन म्हटलं तर खाली बघणं, पण त्याला आणखी एक ऑन लावला की समोरच्याला तुच्छ लेखणं. ओझरला विमान टेक ऑफ करतं आणि मंदिराच्या दारात आपण चपलाही टेक ऑफ करतो. माझ्या शेजारी मंगलाबाई म्हणून एक बाई बसतात, लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणार आहेत. पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर ‘गेट अप’ लिहिलं. आमच्या खात्यात गेट अप म्हणजे धरणाचा दरवाजा वर. गंगापूरला पाणी सोडायचं की निरोप यायचा, गेट अप. मी तसं सांगितलं. मंगलाबाई म्हणाल्या, “बघा, मला वाटत होतं गेट म्हणजे फाटक. आता तेही सकाळी उठतं म्हणे.” मॅडम हसल्या, मीही हसलो. पुष्कळ दिवसांनी हसलो, म्हणून लिहिलं.

आता चूक कुठे झाली ते. मी आरेखक होतो, मला नियम लागतो. मॅडम म्हणाल्या, नियम नाही, ऐकून ऐकून येतं. मला ते पटलं नाही. मी घरी बसून नियम काढला: ऑफ म्हणजे संपूर्ण, काही शिल्लक न ठेवता. फिनिश ऑफ म्हणजे पुरतं संपवणं, सेल ऑफ म्हणजे सगळं विकणं. तक्ता इतका सुबक जमला की मी तो भिंतीवर लावला. त्यानंतर मीराला वर्षश्राद्धाचं आमंत्रण लिहायचं होतं. कॉल म्हणजे बोलावणं, ऑफ म्हणजे एकूण एक. मी लिहिलं की सरिताच्या वर्षश्राद्धासाठी मी सर्व नातेवाइकांना कॉल ऑफ केलं आहे, आणि अत्यंत आदरपूर्वक तुम्हालाही कॉल ऑफ करत आहे.

तिचं उत्तर आलं की बाबा, आम्ही समजू शकतो, तुम्हाला जसं सोसेल तसं. मला फार बरं वाटलं. आपलं इंग्रजी समजलं, वर इतक्या मायेने समजलं. दुसऱ्या दिवशी मी क्लासात ते अभिमानाने सांगितलं, तेव्हा पल्लवी मॅडम हातातला खडू ठेवून खुर्चीत बसल्या. कॉल ऑफ म्हणजे रद्द करणं, दादा. मंगलाबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “म्हणजे बाईचं वर्षश्राद्ध नवऱ्यानंच मोडलं, आणि सुनेला येऊ नको म्हणाला. तेही आदरपूर्वक.” रविराजला फोन लावला, तोवर त्यांनी आधीच काढून ठेवलेली तिकिटं रद्द होऊन गेली होती. तो कामावरच्या अडचणीमुळे येऊ शकणार नव्हता. मीरा आणि इरा दोघीच निघणार होत्या, आणि मी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं.

मला अगदी खचल्यासारखं झालं. मॅडमना ते दिसलं असावं. त्या म्हणाल्या, “काका, आपणही तेच करतो की. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ एकच का?” मी घरी न जाता गोदापार्कला गेलो आणि नदीकाठाने चालत एकेक शब्द लावून पाहिला. बोलणं एकच, पण बोलून दाखवणं वेगळं, बोलून घेणं वेगळं, बोलून बसणं वेगळं, बोलून जाणं वेगळं. तुम्ही बोलून दाखवता, वहिनी बोलून घेतात, मी बोलून बसतो, आणि सरिता सहज बोलून जायची. साठ वर्षं हे तोंडात होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. कुणी शिकवलं नाही, तक्ता नाही, नियम नाही. येणारे जाणारे लोक बघत होते. मी एकटाच बडबडत असणार.

संध्याकाळी मीराचा फोन आला. रविराजने सगळा घोळ तिला सांगितला होता. मी मनात पाठ केलेली माफी इंग्रजीत सुरू केली आणि तिसऱ्या वाक्याला थांबलो. ती म्हणाली, दोन मिनिटं ऐका. तिचे वडील गेले तेव्हा सरिता तिला व्हिडिओवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती: रडून घे. तिने रविराजला अर्थ विचारला, तो म्हणाला, रड. ती म्हणाली, नाही, यात ‘घे’ आहे. तुझी आई मला काहीतरी घ्यायला सांगते आहे, काय ते सांग. आपल्या पोराला काही सांगता आलं नाही. (मलाही आलं नसतं.) मग ती आपलं आपणच समजली आणि भरपूर रडली. हे सांगून झाल्यावर ती मला म्हणाली, “बाबा, रडून घ्या.” उच्चार सगळा चुकला. तुमच्या बहिणीने तिला भाषा शिकवली नव्हती, भाषेतलं नेमकं तेवढंच दिलं होतं, आणि परक्या देशातल्या त्या मुलीने ते जपून ठेवून ज्याला हवं होतं त्याच्या हाती दिलं. मी फोन ठेवून दिला. घेतलं, एवढंच सांगतो. वर्षभर राहिलं होतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचाच,
दाजी

ता.क. मूळ काम राहिलंच. मीराला नवं तिकीट मिळालं आहे. पण वर्षश्राद्धाची तिथी कार्तिक वद्य दशमीची आणि ती व इरा उतरणार द्वादशीला. गुरुजींना विचारलं, ते म्हणाले, तिथीला जमलं नाही तर अमावास्येला करता येतं, घरच्या वडीलधाऱ्यांची हरकत नको. माहेरचे वडीलधारे तुम्ही. तुम्ही म्हणाल, ‘दाजी, तिथी ती तिथी, ती काय एस.टी. आहे, मागून दुसरी यायला?’ मला मान्य आहे. पण घरातलं शेवटचं माणूस आल्याशिवाय सरिता कधी जेवायला बसली नाही. सून वाटेत असताना सरिताचं पान मी कसं वाढू?

ता.क. २. वहिनींशी कालच बोलणं झालं. त्यांनी कॅलेंडरवर अमावास्येला खूण करून ठेवली आहे आणि गाडीही सांगून ठेवली आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, असं त्या म्हणाल्या. मला मात्र चालणार नाही. हो म्हणा.