शेवटी चालू, आधी बंद

बाबा, तुमच्या नातवाचं डोकं फिरलंय, आणि वायरीतलं कळणारं माझ्या ओळखीचं तुमच्याशिवाय कोणी नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही गेलात तेव्हा कॅसेटसुद्धा आली नव्हती, तेव्हा आधी नीट समजून घ्या. टेपमधून आवाज निघतो तो अगदी लहान. त्याला वळण लावायला एक पत्र्याची पेटी असते, तिला हा प्रीअँप म्हणतो. तिथून तो मोठ्या अँप्लिफायरकडे जातो आणि मग दोन स्पीकरना. घाटकोपरच्या ह्या दोन खोल्यांना एवढं पुरून उरत होतं. पण गणपतीत आरतीच्या कॅसेटमधला ढोल छातीत वाजला पाहिजे म्हणून ह्याने सुताराकडून धान्याच्या कोठीएवढा खोका करून आणला. सबवूफर म्हणे. नुसता जाड आवाज काढतो, आणि वीजही स्वतःची वेगळी खातो. घरात माणसांना पाय पसरायला जागा नाही, जाड आवाजाला मिळाली.

गणपती यायच्या आदल्या दिवशी दुपारी जोडायला बसला. दुकानदाराने बजावलं होतं की खोक्याची वायर प्रीअँपच्या मागून घे; मोठ्या अँप्लिफायरच्या स्पीकरच्या जागेवरून घेतलीस तर तिथला जोर खोक्याला सोसणार नाही, आतलं जळेल. तेवढं ऐकलं. पण सगळं चालू ठेवूनच वायर खुपसली. असा दणका बसला की फळीवरची ताटं खणखणली आणि सून पिठाच्या हातांनी बाहेर धावली. मग सुरू झाली भुणभुण. कॅसेट बंद, तरी खोका आपला पिठाच्या चक्कीसारखा चालूच. लगेच शेजारचा हजर. त्याला स्वतःच्या घरापेक्षा आमच्या वायरींची काळजी जास्त. “अर्थ काढून टाक यार, लगेच गप होतो बघ,” म्हणाला. ह्याने प्रीअँप आणि खोका, दोघांच्या पिना उघडून अर्थची, म्हणजे जमिनीकडे जाणारी वायर सोडवली. भुणभुण खरंच थांबली. दोघांनी टाळ्या दिल्या, जसं काही रावण मारला.

जरा वेळाने सून मोरीतून आली ती ओल्या हातानेच प्रीअँपचं झाकण पुसायला गेली, आणि हात झटकून मागे सरली. “अहो, चावलं काहीतरी.”

“थोडं झिणझिणतंच गं, पत्रा आहे ना.”

पत्रा आहे म्हणून चावतो? मग माझे डबे का नाही चावत? आणि तुमची पणती तेव्हा कुठे होती ते ऐका. नुकती उभी राहायला शिकतेय ती, आणि खोका घरात आल्यापासून तिला धरायला तोच लागतो. मागून, जिथे पत्रा ठोकलाय तिथूनच. हात कायम लाळेने ओले. मी तिला उचलून कडेवर घेतलं.

आपल्या गिरणीच्या चाळीत नवीनच दिवा आला होता, आठवतं? मी भांडी घासता घासता ओल्या हाताने बटण दाबते आणि तुमची चापट बसते. कारण नाही, काही नाही. “हात पुसून ये,” एवढंच. चौथीत शाळेतून काढलंत तेव्हाही कारण सांगितलं नाहीत. लग्नात इतरांच्या बापांनी हंडे-कळशा दिल्या, तुम्ही दिलात होल्डरमध्ये एक बल्ब आणि त्याला दोन वायरी. वीज असेल तिथे पेटतो म्हणे. सासरचे किती दिवस हसत होते. पाटावर उभी राहा, डावा हात पाठीमागे ठेव, असलं सांगून तुम्ही मोकळे. तुमचं सगळं असंच, हुकूम तेवढा द्यायचा.

तर तोच दिवा मी डब्यातून काढला. पोरीला सुनेकडे दिलं, पाटावर उभी राहिले, डावा हात मागे. एक वायर भिंतीतल्या प्लगच्या अर्थला, दुसरी त्या झाकणाला. दिवा लागला नाही.

“बघ आई,” हा म्हणतो, “आजोबांचा दिवा पण सांगतोय, काही नाही. तू ना, उगाच टेन्शन घेतेस.”

“आणि हिचा हात खोटं बोलतो काय रे?”

सून माझ्याकडे बघतच राहिली. लग्न होऊन आल्यापासून तिची बाजू मी पहिल्यांदाच घेत होते. मी तोच पाट मखरापुढे टाकला आणि बसले. म्हटलं, अर्थ परत जोड, नाहीतर बाप्पाला शेजाऱ्याकडे नेऊन बसव. आणि ह्या वायरी घरभर नकोत मला. खोक्याची पिन स्वयंपाकघरात, प्रीअँपची खिडकीत, उद्या काही झालं तर मी धावू कुठे? सगळं एका बोर्डावर आण. एक बटण दाबलं की सगळं मेलं पाहिजे.

“परत भुणभुणला तर मला बोलू नकोस,” असं पुटपुटत ह्याने सगळं बंद केलं, अर्थ जोडली, पिना एका बोर्डावर आणल्या, आवाजाची बटणं खाली केली. मग आधी प्रीअँप, मग अँप्लिफायर, शेवटी खोका. चिडीचूप. कान लावला तर माशीएवढा आवाज.

“आई, हे तुला कसं कळलं?”

मला काय कळायचंय. मला बटण हवं होतं. दुकानदाराने मागाहून सांगितलं की दोन ठिकाणच्या अर्थमधून वीज फेरा मारत होती, म्हणून ती भुणभुण. आता मी नेम घालून दिलाय, खोका शेवटी चालू आणि आधी बंद. तुमचा धाकटा भाऊ गावी भाताच्या लावणीला यायचा तसा, शेवटी यायचा आणि आधी उठायचा. सून आता ओल्या हाताने झाकण पुसते, मुद्दाम, ह्याच्यासमोर. काही चावत नाही.

आरतीला ढोल वाजला. छातीतच वाजला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी दिवा डब्यात ठेवताना मी तो उजेडात धरला. बल्बमधली तार तुटलेली. कधीची कोण जाणे. त्या झाकणात वाघ बसला असता तरी तो पेटला नसता. तुम्ही सांगितलंही होतं, आधी चालू जागेवर लावून बघ, मग संशयाच्या. तेवढ्याचं कारण मात्र सांगितलं होतंत, दिवाच गेलेला असेल तर आधी कळावं म्हणून. घरात सगळे म्हणतात, म्हातारी हट्टी, दिव्याचंही ऐकलं नाही. म्हणू देत. तुमचा दिवा गेलेला होता, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. हा कागद त्याच डब्यात राहील, आणि उद्या मोरीतला बल्ब गेलाय असं सांगून मी एक नवा मागवणार आहे.