बोलायचं नाही, गायचं

।। श्री मन्मथस्वामी प्रसन्न ।।

नांदूरघाट, ता. केज
२० जानेवारी १९९३

चि. सौ. शिवगंगा हिस,
वैजिनाथदादाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं खुशालीचं कार्ड काल मिळालं आणि घरातल्यांच्या जिवात जीव आला. रेडिओवर मुंबईच्या दंगलीच्या बातम्या ऐकून दगडाबाई आत्यानं मला फैलावर घेतलं होतं, की बहिणीला तिकडं काहून दिलीस. जसं काही तुझं लग्न मी परवाच लावून दिलंय! बसस्टँडवर आता एसटीडी बूथ झाला आहे, पण तिथं फोनवर खोकलं तरी संध्याकाळपर्यंत गाव औषध सुचवतं. म्हणून आपलं पत्रच बरं.

आता मुख्य काम. शिवरात्र १९ फेब्रुवारीला आहे. गाण्याचा उत्सव नेहमीसारखा शाळेच्या पटांगणात, आणि शेवटचं गाणं तुझं. अण्णा गेल्यापासून वडिलांचा हा उत्सव माझ्या गळ्यात पडला आहे आणि माझा गळा कसला आहे हे तू जाणतेस. लहानपणी मी आरतीला तोंड उघडलं की आई माझ्या हातात टाळ द्यायची आणि नुसते वाजव म्हणायची.

यंदा एक डोकेदुखी झाली आहे. आपले सभापती गहिनीनाथराव म्हणतात, देशात असा वणवा पेटला असताना मी स्टेजवरून दहा मिनिटं बोलणार. त्यांच्या दहा मिनिटांत चुलीवरचं वरण करपून जातं. मी हात जोडून अण्णांचा नियम सांगितला, की इथं बोलायचं नाही, गायचं. तोंड वाकडं करून गेले. जाता जाता पटांगण त्यांच्या संस्थेचं असल्याची आठवणही दिली.

हुसेन तांबोळी यंदा तबल्याला बसणार नाही म्हणतो. कंबर धरली आहे. अंबाजोगाईहून दुसरा तबलजी बघतो आहे.

चार दिवस आधीच ये. आत्यानं तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली आहे. लोभ आहेच, तो येताना सोबत आण.

तुझा,
वैजिनाथदादा

---

मुंबई
२७ जानेवारी १९९३

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हुसेनच्या कमरेचं काही मला पटलं नाही. गेल्या शिवरात्रीला त्यानं एकट्यानं सतरंज्यांचा गठ्ठा खांद्यावर वाहिला होता. तुम्ही त्याच्या घरी जाऊन विचारलंत का?

माझ्या गाण्याच्या क्लासला फरीदा नावाची मुलगी यायची. संचारबंदी उठल्यावर क्लास उघडला, ती आली नाही. मी तिच्या चाळीत गेले. खोलीला कुलूप होतं आणि दार खालून जळालेलं. शेजारणी तांदूळ निवडत बसल्या होत्या. गावी गेली असेल, म्हणाल्या, आणि पुन्हा खाली बघून निवडायला लागल्या. दादा, त्या वाईट बायका नाहीत. त्यातली एक दर गुरुवारी आमच्याकडे भजनाला येते. फरीदाला मी भूप शिकवत होते. आता तो कोणालाच शिकवता येत नाही. ती ज्या जागी चुकायची तिथं आले की मीच थांबते.

म्हणून विनंती आहे. गाण्याआधी मी चार वाक्यं बोलणार आहे. पक्षाचं नाव नाही, कोणाला शिव्या नाहीत. जे पाहिलं तेवढंच सांगेन. हे पोटात ठेवून सा लावला तर तो खोटा लागेल, आणि खोटा सा मला अण्णांच्या उत्सवात लावायचा नाही.

वहिनींस नमस्कार. लहान बहिणीवर राग धरू नये.

आपली,
शिवगंगा

---

नांदूरघाट
२ फेब्रुवारी १९९३

चि. सौ. शिवगंगा हिस,
दादाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पण माझं उत्तर नाही असंच आहे.

तुला बोलू दिलं तर गहिनीनाथरावांना कोणत्या तोंडानं नाही म्हणू? तुझी चार वाक्यं सोन्याची असतील, पण दार एकदा उघडलं की मागून कोण शिरेल ते आपल्या हातात राहत नाही. तू बोलून मुंबईला जाशील. मला इथंच दुकान उघडायचं आहे आणि हुसेनला इथंच पानं विकायची आहेत. वर्षातून एकदा तरी गाव एकमेकांचा पक्ष न विचारता मांडीला मांडी लावून बसतं. तेवढं तरी राहू दे गं.

हुसेनकडे जाऊन आलो. त्यानं चहा पाजला. कमरेचं नाव त्यानंही काढलं नाही आणि मीही काढलं नाही. उठताना मला लई अवघडल्यासारखं झालं.

तू शहाणी आहेस. थोरल्या भावाचं ऐकशील असं धरून चालतो.

तुझा,
दादा

---

मुंबई
६ फेब्रुवारी १९९३

ती. दादांस,
शि. सा. न.

पहिल्या रांगेतली गादी गहिनीनाथरावांची असते. ते आल्याशिवाय तंबोरा जुळत नाही. त्यांनी मान डोलावली की मागची माणसं वाहवा म्हणतात. हे राजकारण नाही तर काय आहे? ते न बोलता चालतं, एवढंच. आणि हुसेन घरी बसला, तेही कोणी न बोलताच.

माझं नाव पत्रिकेतून काढा. रागानं लिहीत नाही, रडून लिहिते आहे. अण्णांचा उत्सव माझ्याशिवाय होईल याचं दुःख तुमच्यापेक्षा मलाच जास्त आहे.

दुरून का होईना, मला आपली म्हणत राहा.

शिवगंगा

---

नांदूरघाट
१० फेब्रुवारी १९९३

चि. सौ. शिवगंगा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवत होतो. वाचून झाल्यावर मी अण्णांच्या नियमाची बाजू मांडली, आणि ही म्हातारी हसायला लागली! मला वाटलं वयानं भ्रमली. तर म्हणते, तुमचा कसला नियम रं? अर्धाच हाय तुमच्याकडं.

मग तिनं जे सांगितलं ते तू नीट बसून वाच. रझाकारांच्या काळात सभेला बंदी होती. शिवरात्रीच्या दिवशी आपल्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत अण्णांनी माणसं जमवली होती, निजामाविरुद्ध काय करायचं ते ठरवायला. दारात आत्या राखणीला. गावात अमीनसाहेब, म्हणजे तेव्हाचा फौजदार, आला तशी ती खोकली. अण्णांनी बोलता बोलता एकदम शिवाचं भजन सुरू केलं. हुसेनचा बाप कासीम तांबोळी बैठकीलाच आला होता. त्यानं पाण्याची घागर मांडीवर ओढली आणि ठेका धरला. आत्या म्हणते, तुमचा अण्णा असा बेसूर, की कुत्री उठून गेलती. अमीन जरा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, इतना बुरा गानेवाले और क्या बुरा करेंगे. आणि निघून गेला.

तेव्हापासून ठरलं, अमीन असला की बोलायचं न्हाई, गायचं. अमीन गेला की बोलायचं. निजाम गेल्यावर अण्णांनी खरे गवई बोलावले आणि उत्सव सुरू झाला. आपल्या हाती नियमाचा पहिलाच तुकडा आला. अण्णा स्टेजवर कधीच गायले नाहीत, तो आपण त्यांचा विनय समजत होतो. आत्या म्हणते, इनय कसला, गळाच तसला व्हता!

मला रात्रभर झोप नाही. मी ज्याची राखण करत होतो ते मला माहीतच नव्हतं.

तू ये आणि बोल. गहिनीनाथरावांनाही सांगून आलो, की तुम्हीही बोला, पण चारच वाक्यं. ते म्हणाले, चार वाक्यांत आमचा नमस्कारसुद्धा होत नाही. चांगलेच भडकले आहेत. माझी भीती गेलेली नाही, पण तू ये.

वाट पाहणारा,
दादा

---

मुंबई
२५ फेब्रुवारी १९९३

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. चटणीचा डबा एसटीत सांडला आणि शेजारच्या मास्तरांच्या धोतराला केजपर्यंत खमंग वास येत होता.

त्या संध्याकाळी गाताना तुमचे डोळे भीतीनं गच्च मिटलेले होते, म्हणून तुम्हाला न दिसलेलं लिहिते. माझं दुसरं वाक्य झालं आणि पहिल्या रांगेमागून घोषणा सुरू झाल्या. गहिनीनाथराव खाली मान घालून घड्याळाशी चाळा करत होते. तुम्ही स्टेजवर चढलात तेव्हा वाटलं, आता दादा मला हाताला धरून खाली नेणार.

तुम्ही भजन सुरू केलंत तेव्हा लोक आधी हसले, हे खरंच. मग मागच्या बायकांनी ते उचललं. शिवरात्रीला शिवाचं भजन कोण थांबवणार? घोषणा देणारी पोरं इकडंतिकडं बघू लागली, एकदोघं तर ओठही हलवू लागली. अंबाजोगाईच्या तबलजीला तुमची लय सापडेना, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तेवढ्यात पटांगणाच्या फाटकातून हुसेन आला. म्हणजे तो बाहेर उभा राहून ऐकत होता. गर्दीतून वाट काढत ताठ कमरेनं स्टेजवर चढला, तबलजीला खूण केली, आणि तुम्ही जिथं जाल तिथं ठेका घेऊन आला. भजन संपल्यावर मी उरलेली दोन वाक्यं बोलले. तेव्हा कोणीच ओरडलं नाही.

त्या बोलण्यानं काय झालं, मला माहीत नाही. फरीदाच्या दाराला अजून कुलूप आहे. तुमची भीतीही खोटी नव्हती. हुसेनच्या दुकानावर गिऱ्हाईक येतं का, ते न लपवता लिहा. पुढच्या वर्षी पटांगण मिळणार नाही, असा गहिनीनाथरावांचा निरोप मी निघतानाच आला होता. मग आपल्या दुकानामागची जागा आहेच. सुरुवात तिथूनच तर झाली होती.

मला एसटीत बसवताना आत्यानं खिडकीतून माझा हात घट्ट धरला होता. डोळे पुसत म्हणाली, अगदी अण्णावानीच गायला गं वैजू, जरा बी फरक न्हाई.

तेव्हा पुढच्या शिवरात्रीला पहिलं भजन तुमचं. हुसेनला मी विचारून ठेवलं आहे, तो बसेल. रियाज मात्र अजिबात करायचा नाही, आत्यानं बजावून सांगितलं आहे.

आहे तशीच माया असू द्यावी.

आपली,
शिवगंगा