पुढच्या भेटीची तारीख

३ मार्च, सोमवार
काल अकोल्यात आले, आज कामावर रुजू झाले. जठारपेठेतली खोली चांगली आहे. खिडकीबाहेर कडुनिंब आहे आणि दुपारपर्यंत ऊन आत येत नाही. घरमालकीणबाईंनी आल्याबरोबर चहा आणि कच्चा चिवडा दिला. वर म्हणाल्या, परतवाड्याची हायेस म्हणजे तिखट चालते तुले. बऱ्याच दिवसांनी स्वतःच्या खोलीची किल्ली हातात आली. बरं वाटलं.

काम असं आहे. ज्या घरात माणूस अचानक गेला आहे, अशा घरी दर पंधरा दिवसांनी जायचं, एकूण बारा भेटी. बसायचं, ऐकायचं आणि भेटपत्रक भरायचं. मृत्यूला दोन वर्षं होईपर्यंतची घरं यात धरतात. आमच्या पर्यवेक्षक इफ्फत मॅडम आहेत. नव्या कार्यकर्त्याने रोज थोडं लिहावं, त्यातून काम सुधारतं, असं त्या म्हणाल्या. वही कोणी तपासणार नाही. म्हणून लिहिते आहे.

खुशीचे बाबा अपघातात गेले, त्याला चौदा महिने झाले. खुशी सहा वर्षांची आहे. ती परतवाड्याला माझ्या सासऱ्यांजवळ राहते. तीन महिन्यांत काम पक्कं झालं की जूनमध्ये तिला इथल्या शाळेत घालायचं. त्यासाठीच आले आहे. बाकी मला काही नको.

६ मार्च, गुरुवार
पहिली भेट पातूरला. सुभद्राबाई, वय चाळीसच्या आसपास. नवरा मोटारीचा शॉक लागून गेला. मोठे दीर नत्थुजी आणि त्या असे दोघंच घरात असतात. त्या तूरडाळीतले खडे वेचत होत्या. तासाभरात चार वाक्यं बोलल्या. मीही डाळ वेचू लागले. निघताना आपल्याकडे उठतात तशी मुकाट्याने उठले आणि चालू लागले.

७ मार्च, शुक्रवार
मॅडमसोबत आढावा झाला. माझ्या पत्रकात शेवटचा रकाना कोरा होता: पुढच्या भेटीची तारीख तोंडी सांगितली का. मी म्हणाले, दुःखाच्या घरून येते म्हणत नाहीत. म्हटलं तर पुन्हा त्याच कारणाने यावं लागतं. मॅडम हसल्या नाहीत. ही रीत आपल्यालाही माहीत आहे म्हणाल्या. पण ज्यांचं माणूस न सांगता गेलं, त्यांना न सांगता जाणाऱ्यांचीच भीती असते. आपण परत कधी येणार, हे त्यांना ऐकू द्यायचं.

हे मला पटलं. खुशीचे बाबा सकाळी निघाले तेव्हा मी अंघोळीला गेले होते.

मग मॅडम सुभद्राबाई झाल्या आणि मी दारात उभी राहिले. एकाच माणसाच्या डोळ्यात बघायचं. तारीख आणि वार सांगायचा. थांबायचं, मान हलली की निघायचं. माझी नजर खाली जायची, आवाज विरायचा. नऊ वेळा केलं. नवव्यांदा मॅडम म्हणाल्या, आता मला खरंच वाटलं की तू येणार.

११ मार्च, मंगळवार
राहिलेलं पुरं करायला पुन्हा पातूरला गेले. निघताना नत्थुजी दारात होते, म्हणून आधी त्यांना सांगितलं, २५ तारखेला, मंगळवारी येते. मग लक्षात आलं की भेट सुभद्राबाईंची आहे. परत आत गेले. त्यांच्या डोळ्यात बघून तेच सांगितलं. डाळीतला हात थांबला. त्यांनी मान हलवली. नत्थुजी मागून म्हणाले, याद हाय बाई, आमी काही बहिरे नाई.

१२ मार्च, बुधवार
बार्शीटाकळीला रामराव. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मुलगा गेला, सून माहेरी. बोलायला तिखट आहेत. मी खुर्चीवर बसल्याबरोबर म्हणाले, विचारा काय विचारता ते, रडू येत नाही म्हणून लिहून घ्या. निघताना मी २६ तारीख सांगितली. ते डोळे न हलवता बघत राहिले. म्हणाले, दुःखाच्या घरून मुक्यानं जा लागते मॅडम, तुमच्या कॉलेजात शिकवलं नाई का? मी म्हणाले, तुम्हाला वाट बघायला लागू नये म्हणून सांगते. ते म्हणाले, वाट पाहाची सवय हाय, जिंदगीभर गाडी लेटच होती.

रकाना भरला. नजरभेट: चांगली.

१९ मार्च, बुधवार
काल मूर्तिजापूरला प्रणालीकडे गेले. वीस वर्षांची, बी.ए.ला आहे. आई पायऱ्यांवरून पडून गेली. घरी वडील आणि आजी. प्रणालीच जास्त बोलते. १ एप्रिल सांगितल्यावर तिने लगेच मोबाइलमध्ये टाकून ठेवली.

आज जुन्या शहरात बिस्मिल्लाबी. नवरा नबी यांचा ट्रक उलटला. त्या गाद्या भरतात. मी होते तोवर त्यांनी एकदाही मान वर केली नाही. कापूस दाबता दाबता म्हणाल्या, तू बोल बेटा, कान मोकळे हायेत, हातच नाहीत. २ एप्रिल ही तारीख मी त्यांच्या पाठीलाच सांगितली. नजरभेट: नाही. मॅडमनी ही भेट अपुरी धरली.

२२ मार्च, शनिवार
परतवाड्याला जाऊन आले. खुशीचा एक दात पडला आहे. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिच्या आबांनी, तो डबीत ठेवलाय. दर वेळी मी निघाले की ती रडते, आणि मी न बोलता निघते. ते घर अजून दुःखाचंच आहे, हार घातलेला फोटो समोरच आहे. या वेळी मी शिकले ते केलं. गुडघ्यावर बसले, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, माझ्याकडे वळवला आणि सांगितलं, मधले दोन शनिवार प्रशिक्षण आहे, मी १२ एप्रिलला, शनिवारी येते. तिने मान हलवली. रडली नाही. रागिणीताईंनाही नवल वाटलं. या माझ्या नणंद, शेजारच्या गल्लीत राहतात.

बसमध्ये वाटलं की मला हे काम जमतंय.

२५ मार्च, मंगळवार
पातूर. अंगणात माणसं बसलेली. सुभद्राबाई पहाटे गेल्या. झोपेतच, डॉक्टर हृदय म्हणाले. मला बघून बायकांनी जागा करून दिली, जणू मला कोणी कळवलं होतं. नत्थुजी म्हणाले, तुमी सांगून गेल्ता आज येतो म्हून. आल्या.

तासभर बसले. उठताना काही बोलले नाही.

२६ मार्च, बुधवार
बार्शीटाकळी. रामरावांचं दार उघडं होतं. शेजारी आत होते. सकाळी सातला दाढी करता करता खाली बसले, ते उठलेच नाहीत. एका गालाला साबण तसाच होता. शेजारीण म्हणाली, उद्या मॅडम येनार म्हनत होते कालपासून.

पत्रकात काय लिहावं ते कळलं नाही. भेट झाली, असं लिहिलं.

२८ मार्च, शुक्रवार
आढावा. मॅडम शांतपणे म्हणाल्या, ही दुःखाने खचलेली घरं आहेत, अशा घरांत पाठोपाठ मृत्यू होतात. तू स्वतः यातून गेलेली आहेस, म्हणून तुला सगळं एकत्र दिसतं. आठवडाभर सुट्टी घे म्हणाल्या. मी नको म्हणाले. माझं सगळं ठीक आहे. जेवते, झोपते. काही वाटत नाही.

मग म्हणाल्या, तुझा समारोप मात्र खूप सुधारला आहे.

३१ मार्च, सोमवार
ईदची सुट्टी. खोलीवरून प्रणालीला फोन केला. उद्या येणार नाही, तारीख रद्द समज, असं सांगितलं. ती म्हणाली, असं काय ताई, मी तर आजीले सांगून ठेवलं, आजीनं शेवया करायचं ठरवलं. मी पुन्हा सांगितलं, रद्द. तिने बरं म्हटलं. बरं असं म्हटलं, की मनात तारीख तशीच राहिली असावी.

१ एप्रिल, मंगळवार
गेले नाही. खोलीतच बसले. सव्वाअकराला प्रणालीच्या वडिलांचा फोन आला. रडत नव्हते. म्हणाले, पोरगी गेली, तुम्ही कुठपर्यंत आल्या?

न जाऊनही होतं.

२ एप्रिल, बुधवार
बिस्मिल्लाबींच्या गल्लीच्या तोंडाशी बराच वेळ उभी राहिले. गल्लीत कोणी जमलं नव्हतं. आत गेले. त्या गादी शिवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, बैस, ईदचा शीरखुर्मा ठेवलाय तुह्यासाठी, काहून इतकी वाळली?

वाटी हातात धरून बसले. बिस्मिल्लाबींना तारीख सांगितली होती. आज तीच तारीख. त्या जिवंत आहेत.

ऑफिसात येऊन चारही पत्रकं समोर ठेवली. सुभद्राबाई: नजरभेट चांगली. रामराव: चांगली. प्रणाली: उत्तम. बिस्मिल्लाबी: नाही.

प्रणालीच्या घरी वडील होते, थकलेली आजी होती. गेली ती प्रणाली. जिच्या डोळ्यात बघून सांगितलं ती.

शनिवारचं, २२ तारखेचं पान मी वाचलं.

४ एप्रिल, शुक्रवार
आढाव्याला गेले नाही.

१२ तारखेला आठ दिवस आहेत.

६ एप्रिल, रविवार
खुशीला फोन केला. सांगितलं, आई आधीच येईल, किंवा नंतर येईल, ती १२ तारीख विसर. ती म्हणाली, कॅलेंडरवर रोज एक फुली मारते, सहाच उरल्या. तूच सांगितलंस ना.

मामाजींना विचारलं, तब्येत कशी आहे तिची? ते म्हणाले, घोड्यावानी पळून राहिली, तुले काय झालं?

८ एप्रिल, मंगळवार
एक गोष्ट राहिली होती. पातूरला आधी नत्थुजींना सांगितलं होतं. डोळ्यात बघूनच. मग तीच तारीख सुभद्राबाईंना. नत्थुजी आहेत. म्हणजे तारीख एकाचीच असते. ज्याला शेवटी सांगितली त्याची.

मामाजी शहात्तर वर्षांचे आहेत.

 

९ एप्रिल, बुधवार
परतवाडा. खुशी शाळेत होती, मुद्दाम ती वेळ धरली. मामाजी ओसरीवर खाटेवर बसले होते. अवेळी आलेली बघून काही विचारलं नाही, माठातलं पाणी स्वतः उठून दिलं. मुलगा गेल्यापासून ते मला पाणी उठूनच देतात. थोडा वेळ बसले. मग समोर बसून त्यांचा हात धरला आणि त्यांच्या डोळ्यात बघून म्हणाले, मामाजी, मी १२ एप्रिलला, शनिवारी येते.

ते म्हणाले, पोरी, दुःखाच्या घरून असं म्हनत नसतात, तुले मालूम हाय ना?

मी म्हणाले, माहीत आहे.

मग काहून म्हनून राहिली?

मी म्हणाले, खुशीला सांगितलंय. याच तारखेचं. आधी.

त्यांना काय समजलं ते सांगता येत नाही. मग दोन्ही पाय खाटेवर घेऊन नीट बसले आणि म्हणाले, पुन्हा सांग, नीट आयकू आलं नाई.

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली.

शाळा सुटायच्या आत निघाले. खुशीला भेटले नाही.

११ एप्रिल
काही नाही. चालू आहे ते चालू आहे. उद्या पहिली बस.

१२ एप्रिल
दुपारी लिहिते आहे. परतवाडा.

गल्लीच्या कोपऱ्यावर खुशी दिसली. धावत आली. नखं, दात, गुडघा, सगळं बघितलं. ठीक आहे. मग तिने सांगितलं, आबा उठत नाहीत.

मला हायसं वाटलं. ते लिहिलंच पाहिजे. दुसरं काही वाटलं नाही.

दीड वाजता नेलं. पुरुष मोक्षधामला गेले. आलेल्या बायका एकेक करून उठल्या, काही न बोलता गेल्या. घरात चूल नाही म्हणून रागिणीताई खुशीला जेवायला त्यांच्याकडे घेऊन निघाल्या. मी भिंतीला टेकून बसले होते. खुशी दारातून परत आली.

तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्याकडे वळवला. मी तिला केलं होतं तसंच. म्हणाली, आई, घाबरू नको, मी जेवून चार वाजता येते.

रागिणीताईंनी तिला ओढलं, असं म्हणत नाहीत म्हणाल्या.

मी नजर काढू शकले असते. ती मान हलायची वाट बघत होती. मी हलवली.

तीन वाजले.
बरं आहे असं. ती नाही, मी. एवढंच हवं होतं.

३.२०
तिने मला बघू नये. मागच्या खोलीत जाऊन कडी लावावी. पाय उचलत नाहीत. थोड्या वेळाने—

३.३५
डाव्या हातात मुंग्या. भीती नाही. जूनमधली शाळा— रागिणीताई बघतील.

एक लक्षातच आलं नाही. आज हे घर पुन्हा दुःखाचं. उद्याही. खुशी इथून जाईल तेव्हा सगळ्यांना सांगत जाईल. शेजारच्या पोरींना. रागिणीताईंना—

३.४८
रागिणीताई, वही तुम्ही वाचाल. खुशीला इथून नेताना तिला कोणाकडे बघू देऊ नका. येते म्हणू देऊ नका. ती फार नीट सांगते. मी शिकवलं. तिला रागवू नका. तिचा दोष— तिला फक्त सांगा, की आईने

फाटक वाजलं. धावत येते आहे. खुशी, तिथेच थांब, आत