हैफाचे पडदे

रविवार, २ शेवात

मिंडल जाऊन तीन महिने झाले. माझी सख्खी धाकटी बहीण! आणि शेजारणींना सांगायचं काय, तर "छातीत पाणी झालं होतं." आई गेली तेव्हाही तेच पाणी. आमच्या या कर्मठ ज्यूंच्या गावात, बनी ब्राकमध्ये, कॅन्सर कुणालाच होत नाही. 'तो आजार' होतो, तोही कुजबुजत.

डॉक्टरीणबाई म्हणतात, आईकडचा दोष तुमच्याही रक्तात असू शकतो. वेळ आहे तोवर तपासून घ्या. निघाला तर मुलीलाही तपासावं लागेल.

झाल्मन: "आधी फ्रेडलचं लग्न, मग तुझं रक्त!"

मला भीती वाटते. पण नवऱ्याला हे सांगून काय उपयोग?

बुधवार, ५ शेवात

स्थळं आणणारी त्सिरेलबाई आली. जेरुसलेमचा मुलगा, लांडेसमान घराणं. मग चौकशी. फ्रेडलच्या कपड्यांचं माप काय? माझ्या कपड्यांचं माप काय? (वीस वर्षांनी पोरगी केवढी होईल ते कळायला!) घराण्यात काही आजार?

"पाठदुखी," झाल्मन म्हणाला. चेहरा असा, की आत्ताच प्रार्थना करून उठलाय.

रविवार, २३ शेवात

हैफाला गेले. इथे रक्त दिलं असतं तर निकाल माझ्याआधी त्सिरेलला कळला असता. घरी सांगितलं, पडदे बघायला जाते. कुणी ओळखू नये म्हणून रोजच्याऐवजी जुना विग चढवला.

आणि बघते तर काय — दवाखान्याच्या बाकांवर आमच्याच गावच्या बायका! अख्खं बनी ब्राक पडदे घ्यायला हैफाला! कुणी कुणाला ओळखलं नाही. सगळ्यांची डोकी प्रार्थनेच्या पुस्तकात. शेजारी तपकिरी कोटातली एक उंच बाई. मी पुस्तक उलटं धरलं होतं. तिनं पेपरमिंटची गोळी पुढे केली.

गुरुवार, २७ शेवात

पोरं चारदा भेटली. दोघांना पसंत. आज मुलाची आई घरी आली. तपकिरी कोट!!

"आपण पहिल्यांदाच भेटतोय, नाही?" लांडेसमानबाई म्हणाल्या.

"अगदी पहिल्यांदाच."

झाल्मनला भलता उत्साह. "ही रविवारीच हैफाला जाऊन आली. पडद्यांसाठी!"

"अगबाई, मीसुद्धा!"

त्यांनी शेवयांच्या कुगलचे दोन तुकडे खाल्ले. मी तिसरा वाढला.

बुधवार, ३ आदार

दवाखान्याचा फोन आला. आहे.

मंगळवार, ९ आदार

साखरपुडा. रिवाजाप्रमाणे दोघी आयांनी मिळून बशी फोडायची. बशीखाली लांडेसमानबाईंनी माझी बोटं दाबली.

"माझ्यात आहे. तुमच्यात?"

"आहे."

"लग्न होईपर्यंत पोरांना काही सांगायला नको."

"नको."

बशी फुटली. सगळे ओरडले — मझल तोव, अभिनंदन! झाल्मन तर नाचलाच. देवा, कसली आई मी!

बुधवार, १० आदार

नाही राहवलं. फ्रेडलला म्हटलं, "चल, हैफाला जाऊन येऊ. पडदे बघू."

ती इस्त्री करत राहिली. "मी रक्त देऊन आलेय, आई. मिंडलमावशीनंच नेलं होतं, ती हिंडतीफिरती होती तेव्हा. माझ्यातही आहे."

मी इस्त्रीचं बटण बंद केलं. "मुलाला...?"

"पहिल्याच भेटीत सांगितलं. पळाला नाही, म्हणून तर हो म्हटलं."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, आधी लग्न."